बाबांचे पाय, क्योटोची बुरशी आणि साठ जणांचे मोबाईल

ज्यांचे हेडफोन आज घरी राहिले त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. नेहमीप्रमाणे बोललेलंच आहे, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे कसंय" थोडे कमी केलेत.

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेले होते. देवघराच्या खालच्या खणात कापूर शोधत होते, तर हाताला गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स लागल्या. एकही गोळी न काढलेल्या. अटोर्व्हास्टॅटिन. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, आणि तेव्हापासून ही गोळी रोज रात्री जेवणानंतर. निदान आईचा आणि माझा तसा समज होता.

बाबांना विचारलं तर आधी म्हणाले, "जास्तीच्या आणून ठेवल्यात." मग म्हणाले, "अगं, पाय दुखतात त्यानं. प्रीतिसंगमाच्या पायऱ्या उतरताना पोटऱ्या भरून येतात. सगळ्यांनाच होतं, वाच की हे." आणि फोन पुढे केला. व्हॉट्सॲपवरचा तो लांबलचक मेसेज तुमच्याही घरी आला असेल. "स्टॅटिनचा सापळा", लाल रंगाची उद्गारचिन्हं, शेवटी हात जोडलेले. तीन महिने बाबांनी गोळी घेतली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

मी डॉक्टर नाही, कोड लिहिते. पण बग आला की आम्हाला एकच सवय असते: मागे जाऊन हिस्टरी बघायची. ही गोष्ट पहिल्यांदा कधी बिघडली? तेव्हा कुणी काय केलं? बाबांशी भांडण्याऐवजी मी तेच केलं, आणि जे सापडलं ते इतकं भारी निघालं की त्याचा हा भाग झाला.

सुरुवात स्टॅटिनच्याही आधीपासून करू, कारण "कोलेस्टेरॉलच्या औषधाचा त्रास होतो" ही तक्रार स्टॅटिनपेक्षा जुनी आहे.

१९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचं औषध बाजारात आलं. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची जी साखळी आहे, तिची अगदी शेवटची कडी ते तोडायचं. कोलेस्टेरॉल कमी व्हायचं खरं, पण त्याच्या अलीकडचा अर्धवट माल शरीरात साठत जायचा. लोकांचे केस गळायला लागले, आणि तरण्याताठ्या माणसांना मोतीबिंदू व्हायला लागले. १९६२ मध्ये औषध मागे घेतलं गेलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत हे त्रास कंपनीला आधीच दिसले होते आणि सरकारला दिलेल्या कागदांत आकडे फिरवलेले होते, असं नंतर बाहेर आलं. रिचर्डसन-मेरेल कंपनीवर फौजदारी खटला झाला, ८०,००० डॉलर दंड झाला. म्हणजे औषध कंपन्यांवर संशय घेणारा प्रत्येक जण वेडा असतो असं नाही. त्या संशयाला इतिहास आहे.

मग नायासिन. जीवनसत्त्वच, पण भरपूर मात्रेत. गोळी घेतली की थोड्या वेळात तोंड, मान, छाती लालेलाल आणि गरम. आणि मग कोलेस्टिरामिन. ही गोळीसुद्धा नाही, भुकटी. पाण्यात किंवा रसात कालवून प्यायची, तोंडात वाळूसारखी कचकच, आणि पोट गच्च.

याच भुकटीवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, तिचे निकाल १९८४ साली आले. ३,८०६ पुरुष, सरासरी ७.४ वर्षं, रोज २४ ग्रॅम भुकटी. विचार करा, सात वर्षं रोज वाळू प्यायची! अर्ध्या लोकांना खरी भुकटी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, हे ना पेशंटला माहीत ना त्याच्या डॉक्टरला. खरी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यातले मृत्यू मिळून १९ टक्क्यांनी कमी झाले, म्हणून ही चाचणी प्रसिद्ध आहे. पण मला त्यातला वेगळाच आकडा अडकवून ठेवतो. पहिल्या वर्षी खरी भुकटी घेणाऱ्या ६८ टक्के लोकांनी पोटाच्या त्रासाची तक्रार केली. आणि खोटी घेणाऱ्या ४३ टक्के लोकांनी! सातव्या वर्षापर्यंत हे आकडे २९ आणि २६ वर आले होते. लोक सरावले, मात्रा कमी-जास्त करायला शिकले, आणि दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला.

तो ४३ चा आकडा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. आता जपान.

अकिरा एंडो. जन्म १९३३, उत्तर जपानमधल्या अकिता प्रांतातलं शेतकरी घर. आजोबांना औषधांची आणि अळिंब्यांची आवड. पोराला लहानपणीच कळलं होतं की एक अळिंबी अशी आहे जी माश्यांना मारते, पण माणसाला त्याच मात्रेत मारत नाही. पुढे तो टोकियोतल्या सांक्यो कंपनीत लागला. साठच्या दशकात दोन वर्षं न्यूयॉर्कला राहून आला. तिथली जाडजूड माणसं, मोठाल्या ताटांतलं जेवण, आणि हृदयविकारानं कोसळलेल्या म्हाताऱ्यांना उचलून नेणाऱ्या रुग्णवाहिका त्यानं बघितल्या.

एंडोचं डोकं असं चाललं. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल बाहेरून खाल्लेलं नसतं, शरीर ते स्वतः बनवतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. त्या साखळीत अगदी सुरुवातीला एक एन्झाइम आहे, एचएमजी-सीओए रिडक्टेज. तिथेच ब्रेक लावला तर मागे अर्धवट माल साठण्याचा ट्रायपॅरानॉलसारखा घोळ होणार नाही. आणि हा ब्रेक निसर्गात कुठे मिळेल? बुरशीत. कारण बुरशीला दुसऱ्या जंतूंशी लढायचं असतं, आणि काही जंतूंना जगायला याच साखळीतून बनणारे पदार्थ लागतात. पेनिसिलिन जसं सापडलं तसंच हेही सापडेल, अशी त्याला आशा.

१९७१ मध्ये त्यानं शोध सुरू केला. हाताशी मोजकी माणसं. दोन वर्षांत जवळपास ६,००० बुरश्या आणि जंतू तपासले. सापडलं ते क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर आलेल्या निळ्या-हिरव्या बुरशीत. पेनिसिलियम सिट्रिनम. आपल्याकडे पावसाळ्यात भाकरीवर असला थर दिसला की आई उकिरड्यावर टाकते! १९७३ मध्ये त्यातून वेगळं काढलेलं रसायन म्हणजे कॉम्पॅक्टिन. जगातलं पहिलं स्टॅटिन.

उंदरांना दिलं. काहीच झालं नाही. कोलेस्टेरॉल तसंच. प्रकल्प बंद पडायच्या बेतात होता. त्यात एक दिवस एका बारमध्ये एंडोची कंपनीतल्याच नोरितोशी कितानोशी गाठ पडली. कितानोकडे संशोधनासाठी पाळलेल्या कोंबड्या होत्या. एंडोच्या डोक्यात आलं, अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही असणार. १९७६ मध्ये कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिलं, आणि काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल जवळपास अर्ध्यावर आलं. ऑफिसबाहेरच्या गप्पांतून अडकलेला प्रॉब्लेम सुटणं, हे आमच्या धंद्यातही रोजचंच आहे. फक्त आमच्याकडे चहाची टपरी असते.

आता ज्या माणसासाठी मी हा सगळा इतिहास उकरला, तिच्याकडे येऊ.

ओसाका विद्यापीठातले डॉक्टर अकिरा यामामोतो यांच्याकडे अठरा वर्षांची एक मुलगी पेशंट होती. शास्त्रीय लेखांत तिची फक्त आद्याक्षरं आहेत, एस. एस. तिला आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं होतं. अशा माणसांचं यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलूच शकत नाही. तुमच्या-माझ्या रिपोर्टवर एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असावं असं लिहिलेलं असतं. तिचं १,००० च्या आसपास होतं. असली मुलं कधीकधी विशी गाठायच्या आतच हृदयविकारानं जातात, आणि तेव्हा यावर हाताशी काहीच नव्हतं. यामामोतोंनी एंडोला गाठलं. फेब्रुवारी १९७८ मध्ये त्या मुलीला रोज ५०० मिलिग्रॅम कॉम्पॅक्टिन सुरू झालं.

दोन आठवड्यांत कोलेस्टेरॉल साधारण २० टक्क्यांनी उतरलं. आणि मग तिच्या स्नायूंतली ताकद जायला लागली. रक्तात स्नायूंची एन्झाइम्स वाढली, म्हणजे स्नायूंना खरोखर इजा होत होती.

थांबा इथे जरा. जगात स्टॅटिन घेणारा पहिला पेशंट, आणि पहिल्याच पेशंटला स्नायूंचा त्रास. बाबांच्या पोटऱ्यांची तक्रार इतकी जुनी आहे. कुणा व्हॉट्सॲपवाल्यानं ती शोधून काढलेली नाही, आणि कुणा डॉक्टरनं ती लपवलेलीही नाही. पहिल्या केसपासून ती लिहून ठेवलेली आहे.

यामामोतोंनी काय केलं? औषध थांबवलं. ताकद परत येईपर्यंत वाट बघितली. आणि मग, हा भाग महत्त्वाचा, औषध फेकून न देता कमी मात्रेत परत सुरू केलं, रोज २०० मिलिग्रॅम. पुढच्या पेशंटना पहिल्यापासूनच कमी डोस दिला. आणखी नऊ जणांमध्ये कोलेस्टेरॉल सरासरी २७ टक्के उतरलं, आणि तसा गंभीर त्रास झाला नाही. आज एखादा चांगला डॉक्टर स्टॅटिनचा त्रास सांगणाऱ्या पेशंटबरोबर बहुतेक हेच करतो. थांबव, तपास, कमी कर, परत सुरू कर. या पायऱ्या त्या अठरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पहिल्यांदा शिकल्या गेल्या. तिचं नाव आपल्याला माहीत नाही.

कॉम्पॅक्टिन मात्र बाजारात कधीच आलं नाही. कुत्र्यांना प्रचंड मात्रेत दोन वर्षं दिल्यावर आतड्यात गाठी दिसल्याच्या संशयावरून १९८० मध्ये सांक्योनं काम थांबवलं. अमेरिकेतल्या मर्क कंपनीला दुसऱ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळालं होतं, त्यांनीही घाबरून थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. १९८७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. बाबांसारख्या, म्हणजे एकदा झटका किंवा ब्लॉकेज होऊन गेलेल्या माणसांसाठी वाद तिथे बऱ्यापैकी मिटला.

भीतीचा मात्र मिटला नाही, आणि त्याला कारणही घडलं. सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन बायरनं ऑगस्ट २००१ मध्ये जगभरातून मागे घेतलं. स्नायू अक्षरशः विरघळून त्यातला माल मूत्रपिंडात अडकतो, त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्यानं झालेल्या ५२ मृत्यूंची नोंद तेव्हा झाली होती. जास्त डोस, किंवा जोडीला जेमफायब्रोझिल नावाचं दुसरं औषध, ही त्यातली मोठी कारणं. आजच्या स्टॅटिनमध्ये हे फार दुर्मीळ आहे, पण शून्य नाही. म्हणून सांगते, लघवीचा रंग कोकाकोलासारखा गडद झाला किंवा दोन्ही मांड्या-खांद्यांतली ताकदच गेली, तर पॉडकास्ट ऐकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मग साध्या पायदुखीचं काय? इथे तो ४३ चा आकडा परत येतो.

२०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात असं छापून आलं की स्टॅटिन घेणाऱ्या १८ ते २० टक्के लोकांना त्रास होतो. आकडा चुकीचा वाचला गेला होता, आणि २०१४ मध्ये ते विधान मागे घेतलं गेलं. पण मधल्या काळात वर्तमानपत्रं आणि टीव्हीनं जो गदारोळ केला, त्यानंतरच्या सहा महिन्यांत तिथे दोन लाखांहून जास्त लोकांनी गोळी सोडली असावी, असा अंदाज नंतरच्या एका अभ्यासात निघाला. हे सगळं व्हॉट्सॲप फॉरवर्डशिवाय, बरं का.

यानंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मंडळींनी जे केलं ते बघून मी खुर्चीतून उठले. त्यांनी अशी ६० माणसं घेतली ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं. म्हणजे साठ बाबा. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत अटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत तशाच दिसणाऱ्या खोट्या गोळ्या, आणि चार रिकाम्या. क्रम उलटसुलट. रिकामी बाटली तर उघडल्यावर कळणारच, पण उरलेल्या आठांत खरी कुठली हे कुणालाच माहीत नाही. आणि रोज मोबाईलवरच्या ॲपमध्ये एक आकडा टाकायचा: आज त्रास किती, ० ते १००.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक माणसावर त्याची स्वतःची ए-बी टेस्ट, आणि रोजचा लॉग. दुसऱ्या कुणाशी तुलनाच नाही. तुमचीच तुमच्याशी.

निकाल २०२० मध्ये आला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी त्रास ८. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे दुप्पट! बाबा बरोबर होते! पण खोट्या गोळीच्या महिन्यांत: १५.४.

एकूण त्रासातला ९० टक्के वाटा गोळीतल्या औषधाचा नव्हता, गोळी घेण्याचा होता. असह्य झालं म्हणून मध्येच बाटली बंद करायची वेळ ७१ वेळा आली. त्यातल्या ४० वेळा बाटलीत स्टॅटिन होतं, ३१ वेळा काहीच नव्हतं. याला नोसिबो म्हणतात. शब्द १९६१ चा आहे, प्लासिबोचा उलटा भाऊ. त्रास होणार ही अपेक्षाच त्रास घडवते.

आता इथे लोक एक चूक करतात, मीही केली. मी बाबांना फोनवर म्हणाले, "म्हणजे तुमच्या मनाचे खेळ आहेत." बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आणि त्यांचं बरोबर होतं. नीट बघा, १५.४ हा आकडा खोटा नाहीये. ती माणसं नाटक करत नव्हती. पाय खरंच दुखत होते, फक्त दुखण्याचं मूळ बाटलीत नव्हतं. पेशंटला "काही नाही हो, वयाचं आहे" म्हणणारा डॉक्टर आणि "मनाचे खेळ" म्हणणारी मुलगी, दोघंही आकडा न वाचता बोलतात.

लंडनच्या त्या संशोधकांनी काय केलं? प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आलेख दाखवला. ६० पैकी ३० जणांनी गोळी परत सुरू केली.

२०२२ मध्ये याहून मोठा हिशेब आला, एकोणीस चाचण्या, सुमारे १,२४,००० माणसं. स्टॅटिन घेणाऱ्यांतल्या २७.१ टक्क्यांनी स्नायूंच्या त्रासाची तक्रार केली, खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या २६.६ टक्क्यांनी. खरा जादा त्रास मुख्यतः पहिल्या वर्षात, हजारात अकरा जणांना. म्हणजे पंधरा तक्रारींमागे एक खरोखर औषधामुळे. तो पंधरावा माणूस असतो, हे विसरू नका. काहींचं जनुकच असं असतं की औषध रक्तात जास्त साठतं, ते २००८ मध्ये सापडलं. काहींचा थायरॉइड मंद असतो आणि कुणी तपासलेलाच नसतो. त्यांच्यासाठी दुसरं स्टॅटिन, कमी डोस, एक दिवसाआड गोळी, एझेटिमाइब, किंवा अलीकडचं बेम्पेडोइक ॲसिड असे रस्ते आहेत. हे शेवटचं स्नायूंमध्ये सुरूच होत नाही, यकृतात होतं. तेव्हा "स्टॅटिन किंवा काहीच नाही" असा प्रश्नच उरलेला नाही.

आणि हो, "लाल तांदूळ, एकदम नॅचरल" म्हणून ऑनलाइन जे विकतात ना? चीनमधला यीस्ट लावलेला लाल तांदूळ. १९७९ मध्ये त्याच जातीच्या बुरशीतून एंडोनंच एक रसायन काढलं होतं. ते निघालं लोव्हास्टॅटिन. म्हणजे तीच गोळी, फक्त डोस किती हे कुणालाच माहीत नाही.

एंडो २०२४ मध्ये गेले, वयाच्या नव्वदीत. म्हातारपणी त्यांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हा त्यांनी लगेच गोळी सुरू केली नाही, आधी व्यायाम वाढवला. बाबांना हे सांगितल्यावर ते भलतेच खूश झाले. "बघ, ज्यानं शोधली तो पण घेत नव्हता!" मी म्हणाले, "बाबा, त्यांच्या हृदयात स्टेंट नव्हता."

शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी तीन महिन्यांचं खरं सांगितलं, आणि डॉक्टर ओरडले नाहीत, याचं बाबांना फार आश्चर्य वाटलं. सीपीके, थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासलं. ड कमी निघालं, बाकी ठीक. आणखी चार आठवडे गोळीशिवाय, फक्त नोंदी ठेवायच्या, मग वेगळं स्टॅटिन, कमी डोसमध्ये. मी बाबांसाठी छोटं ॲप करून दिलं होतं. त्यांनी ते एकदाही उघडलं नाही. आकडे ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात, आईच्या दुधाच्या हिशेबाशेजारी. ० ते १० मध्ये, कारण शंभरपर्यंत कोण मोजणार.

गोळीशिवायच्या महिन्यात बहुतेक ४ आणि ५ आहेत. एका एकादशीला ७. गोळीच्या महिन्यातही ४, ५, मध्येच ३. बाबा त्या दोन पानांकडे खूप वेळ बघत बसले होते, आई सांगत होती. मला काही बोलले नाहीत.

काल फोन केला तेव्हा विचारलं, "आज किती?"

"चार," म्हणाले. "पण आज नदीपर्यंत दोनदा गेलो होतो, ते लिहू का त्यात?"